युरोपीय प्राच्यविद्या परिषदा, सरकारी खर्चाचे संशोधन आणि नंदुरबार परिसरातील बोली

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यातील बोलींविषयी लिहिणाऱ्या बहुतेक अभ्यासकांचा पहिला आधार म्हणजे जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग होय. हा भाग १९०७ मध्ये कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यातून प्रसिद्ध झाला. भिल्ली बोली, खानदेशी आणि बंजारी ही त्याची मुख्य प्रकरणे. मावची, पावरी, देहवाली, कोटली, कोकणा या सातपुड्याच्या व तापीच्या खोऱ्यातील बोलींचे पहिले पद्धतशीर मुद्रित नमुने याच ग्रंथात सापडतात. त्यामुळे प्रबंधांतून, गॅझेटियरमधून आणि जनगणनेच्या अहवालांतून त्याचा उल्लेख सातत्याने येतो.

या सर्वेक्षणाचे वर्णन ‘ब्रिटिश प्रशासनाने केलेले काम’ असे करण्याची सवय अभ्यासकांना लागली आहे. ते वर्णन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. सर्वेक्षणाची मागणी प्रथम व्हिएन्ना येथे झाली. तिच्यामागे जर्मन, ऑस्ट्रियन, फ्रेंच आणि इंग्रज पंडित होते. ती पूर्ण करणारा अधिकारी आयरिश होता आणि त्याचा सर्वांत महत्त्वाचा सहायक नॉर्वेचा होता. पैसा मात्र यांपैकी कोणत्याही देशाचा नव्हता. तो हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे येथील शेतसारा, मीठ आणि अबकारी यांच्या उत्पन्नातून गेला. युरोपातील देशांनी सार्वजनिक पैशावर एकत्रित संशोधन करणे ही बाब आज युरोपीय संघाच्या संदर्भात नवी म्हणून सांगितली जाते. तिचा एक जुना आणि काहीसा अडचणीचा पूर्वज खानदेशात सापडतो. प्रस्तुत लेखात त्या सहकार्याचा आणि नंदुरबार परिसरावर झालेल्या त्याच्या दीर्घ परिणामांचा मागोवा घेतला आहे.

हस्तलिखितांचा शोध : सहकार्याची मुंबई इलाख्यातील पूर्वतयारी

भाषा सर्वेक्षणाची कल्पना आकाशातून पडली नव्हती. तिच्या आधीची दोन दशके मुंबई इलाख्यात सरकारी खर्चाने संस्कृत हस्तलिखितांचा शोध चालू होता. १८६८ पासून त्यासाठी सरकारने नियमित तरतूद केली. जॉर्ज ब्यूलर हे हॅनोव्हर राज्यात जन्मलेले पंडित एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक होते आणि पुढे शिक्षण खात्यात निरीक्षक झाले. फ्रान्झ कीलहॉर्न हे दुसरे जर्मन पंडित पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवीत. या दोघांनी, नंतर पीटर पीटर्सन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी इलाखाभर हिंडून हजारो पोथ्या मिळविल्या. हा संग्रह प्रथम डेक्कन कॉलेजात होता. १९१८ मध्ये तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला.

या उपक्रमातील एक तपशील लक्षणीय आहे. सरकारी शोधात ज्यांच्या प्रती अधिक मिळत, अशा पोथ्या परदेशी ग्रंथालयांसाठी विकत घेण्याची मुभा ब्यूलर यांना मिळाली होती. त्यातून अनेक जैन हस्तलिखिते बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयात गेली आणि आल्ब्रेख्त वेबर यांनी त्यांच्या आधारे जैन आगमांवरील आपले विस्तृत अध्ययन सिद्ध केले. एका साम्राज्याच्या वसाहतीतील सार्वजनिक पैसा, त्या वसाहतीच्या नोकरीतील जर्मन अधिकारी आणि बर्लिनमधील विद्वान अशी ही साखळी होती. तिला कोणतेही आंतरराष्ट्रीय करारपत्र नव्हते. ती व्यक्तिगत परिचयावर, पत्रव्यवहारावर आणि एकमेकांच्या विद्वत्तेवरील विश्वासावर चालली. ब्यूलर १८८० मध्ये हिंदुस्थान सोडून व्हिएन्ना विद्यापीठात गेले, कीलहॉर्न त्यानंतर लवकरच ग्यॉटिंगेनला गेले. मुंबई इलाख्यात जुळलेले संबंध आता युरोपातील विद्यापीठांतून काम करू लागले.

व्हिएन्ना, १८८६

प्राच्यविद्या पंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद १८७३ मध्ये पॅरिस येथे सुरू झाली. लंडन, सेंट पीटर्सबर्ग, फ्लॉरेन्स, बर्लिन, लायडन अशी ती दोन-तीन वर्षांच्या अंतराने शहर बदलत भरे. फ्रान्स आणि जर्मनी यांचे युद्ध १८७१ मध्येच संपले होते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही देशांचे पंडित एका व्यासपीठावर येण्याचे मोल कळते. यजमान देशाचे सरकार वा राजघराणे आश्रय देई, विद्यापीठे प्रतिनिधी पाठवीत आणि हिंदुस्थानातील प्रांतिक सरकारेही आपल्या अधिकाऱ्यांना पाठवीत. सातवी परिषद १८८६ मध्ये व्हिएन्नात भरली. मुंबई सरकारने तीसाठी डॉ. भांडारकरांना पाठविले. त्यांनी तेथे रामानुजीय आणि पांचरात्र मतांविषयी निबंध वाचला आणि परतल्यावर आपल्या प्रवासाचा व परिषदेचा वृत्तान्त सांगितला. हस्तलिखितांच्या शोधात ज्यांच्यासह काम केले त्या ब्यूलर यांच्याच शहरात ते पाहुणे होते.

याच परिषदेत बंगालच्या मुलकी सेवेतील ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांच्या पद्धतशीर पाहणीची आवश्यकता मांडली. ते डब्लिनचे. १८७३ पासून बिहारमध्ये नोकरी करताना त्यांनी तेथील शेतकऱ्यांच्या जीवनातील शब्दांचा प्रचंड संग्रह १८८५ मध्ये प्रसिद्ध केला होता. पाहणीची विनंती हिंदुस्थान सरकारला करण्याच्या ठरावात ब्यूलर आणि वेबर यांनी पुढाकार घेतला. फ्रान्सचे बार्त व सेनार, इंग्लंडातील मॅक्स म्यूलर व मोनियर विल्यम्स असे मान्यवर त्याच्या पाठीशी होते. ठराव करणाऱ्यांपैकी कोणाच्याही देशाला यासाठी एक पैही खर्च करावयाची नव्हती. विद्येची गरज युरोपने सांगावी आणि खर्चाची बाजू कलकत्त्याने उचलावी, अशी ही विभागणी होती. परिषदेतील कोणाला ती विसंगत वाटली नाही. उलट हिंदुस्थान सरकारचे ते सांस्कृतिक कर्तव्य आहे असेच सर्व गृहीत धरून चालले.

सरकारने मात्र घाई केली नाही. पैशाची अडचण पुढे आली आणि प्रकरण काही वर्षे पडून राहिले. अखेर १८९४ च्या सुमारास कामाला मान्यता मिळाली. १८९८ मध्ये ग्रियर्सन यांची अधीक्षक म्हणून रीतसर नेमणूक झाली. दरम्यान १८९४ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत संस्कृत व तत्सम लिप्यांच्या रोमन लिप्यंतराची सामाईक पद्धत ठरविण्यात आली. बाहेरून पाहता ही किरकोळ गोष्ट वाटते. प्रत्यक्षात एकाच भाषेचा एकच शब्द पॅरिस, लायपझिग आणि लंडन येथे तीन प्रकारे लिहिला जात असेल तर तुलनात्मक भाषाशास्त्राचे काम पुढे सरकत नाही. आजच्या संशोधनक्षेत्रात ज्याला सामाईक मानके म्हणतात, त्याचे हे आरंभीचे रूप होय.

उधळ्या पुत्राची कथा खानदेशात

सर्वेक्षणाची पद्धत अगदी साधी होती. प्रथम प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याकडून त्याच्या जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या बोलींची यादी आणि अंदाजे संख्या मागविण्यात आली. त्यानंतर प्रत्येक बोलीचे तीन प्रकारचे नमुने मागविले गेले. पहिला नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर. दुसरा, त्या भागातील एखादी लोककथा, गीत किंवा सहज सांगितलेला मजकूर. तिसरा, शब्दांची व वाक्यांची ठराविक यादी. कथा निवडण्यामागे विचार होता. तिच्यात तिन्ही पुरुषवाचक सर्वनामे येतात, बहुतेक विभक्ती येतात आणि क्रियापदाचे तिन्ही काळ येतात. लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून तिच्या शब्दांत थोडा बदलही करण्यात आला होता. बाप घरी परतलेल्या मुलासाठी पुष्ट वासरू कापतो, हे वाक्य हिंदू घरात जसेच्या तसे चालणार नाही, एवढी जाण सर्वेक्षकांना होती.

तत्कालीन खानदेश हा एकसंध जिल्हा होता. त्याची पूर्व व पश्चिम अशी विभागणी १९०६ मध्ये झाली. आजच्या नंदुरबारचे अक्कलकुवा, तळोदा, अक्राणी, शहादा, नवापूर आणि नंदुरबार हे तालुके त्या विशाल जिल्ह्याचा पश्चिम आणि वायव्य भाग होते. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला आणि १८२५ मध्ये भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी व पलटण उभी केली. तेव्हापासून सातपुड्यातील माणूस सरकारी दप्तरात मुख्यतः ‘शांत करावयाचा’ म्हणून आला होता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने पावरा, मावची आदी जमातींचे वर्णन केले, परंतु त्यांच्या भाषेबद्दल फार थोडे लिहिले. भाषा सर्वेक्षणाने प्रथमच या माणसाला ‘बोलणारा’ म्हणून नोंदविले, असे म्हणता येईल. हे सर्वेक्षणाचे श्रेय नि:संशय मोठे आहे.

तथापि नोंद कशी झाली, हेही पाहिले पाहिजे. जिल्हाधिकारी कचेरीतून मागणी मामलेदाराकडे, मामलेदाराकडून कारकुनाकडे वा शिक्षकाकडे आणि तेथून कोणा बोलणाऱ्याकडे गेली. तो सांगत असे, कारकून आपल्या कानाला जसे ऐकू येईल तसे बाळबोधीत उतरवीत असे. कारकून मराठी वा गुजराती शिकलेला. पावरीतील किंवा मावचीतील जे स्वर त्याच्या लिपीत नाहीत ते त्याच्या जवळच्या अक्षरात बसले. पुढे तो कागद इंग्लंडात पोहोचला आणि तेथे त्याचे रोमन लिप्यंतर झाले. म्हणजे मूळ उच्चार आणि मुद्रित अक्षर यांच्यामध्ये निदान दोन गाळण्या होत्या. छापील ग्रंथात प्रत्येक नमुन्यावर भाषाकुल, गट, बोलीचे नाव आणि कंसात जिल्ह्याचे नाव अशी शीर्षके आहेत. मावचीच्या नमुन्यावर ‘खानदेश जिल्हा’ आहे. सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय यांना त्या शीर्षकात जागा नाही. ब्यूलर, वेबर, सेनार, कोनो ही नावे भाषाशास्त्राच्या इतिहासात राहिली; ज्याच्या तोंडून ती बोली प्रथम कागदावर आली तो माणूस राहिला नाही.

हा काळही ध्यानात घ्यावा लागतो. सर्वेक्षणाचे कागद गोळा होत होते ती १८९६ ते १९०० ही वर्षे पश्चिम हिंदुस्थानात प्लेगची आणि लागोपाठ दोन दुष्काळांची होती. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पन्न्या’ खानदेश-गुजरातच्या डोंगराळ पट्ट्यात आजही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतो. दुष्काळी कामांच्या हजेऱ्या आणि बोलींचे तक्ते ही दोन्ही कामे एकाच कचेरीतून, बहुधा त्याच मंडळींच्या हातून, होत होती. कथेतील उधळ्या पुत्राच्या देशातही मोठा दुष्काळ पडतो आणि तो डुकरांच्या पुढ्यातील शेंगांवर पोट भरू पाहतो. त्या वर्षी हे वाक्य आपल्या बोलीत सांगणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागला नसेल.

स्टेन कोनो आणि खानदेशीचे स्थान

ग्रियर्सन प्रकृतीच्या कारणाने शतकाच्या अखेरीस इंग्लंडात परतले आणि पुढील सर्व संपादन त्यांनी सरे परगण्यातील कँबर्ली येथील आपल्या घरातून केले. तेथे त्यांना सहायक म्हणून लाभले ते स्टेन कोनो. कोनो यांचा जन्म १८६७ चा, नॉर्वेमधील. त्यांनी जर्मनीत हाले येथे संस्कृतात डॉक्टरेट मिळविली होती. नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाच्या अंमलाखाली होता. स्वतंत्र देश म्हणून तो १९०५ मध्ये उभा राहिला. त्या वर्षी मराठीचा सातवा खंड प्रसिद्ध झाला आणि तो मुख्यतः कोनो यांच्याच परिश्रमाचे फळ होता. मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ मध्ये आला, तोही त्यांचाच. १९०६ ते १९०८ या काळात ते हिंदुस्थान सरकारचे पुरालेखविद होते. नॉर्वेचा माणूस, जर्मनीतील शिक्षण, आयरिश अधिकाऱ्याचे कार्यालय, इंग्लंडमधील घर आणि हिंदुस्थानचा पगार. एखाद्या आधुनिक युरोपीय प्रकल्पाच्या प्रस्तावात शोभावे असे हे मिश्रण एका माणसाच्या नोकरीत उतरले होते.

१९०५ च्या मराठी खंडात खानदेशीला स्थान मिळाले नाही. खानदेशी अथवा अहिराणी ही मराठीची बोली असे तोपर्यंत सर्वसाधारणपणे मानले जात असे. सर्वेक्षणाने तिला मराठीतून काढून नवव्या खंडात, म्हणजे गुजराती आणि राजस्थानी यांच्या गटात, भिल्ली बोलींच्या शेजारी ठेवले. या निर्णयाला व्याकरणाचा पाया होता. अहिराणीत ‘आहे’ या अर्थी ‘शे’ येते, ते गुजराती ‘छे’च्या जवळचे आहे. षष्ठीचा प्रत्यय ‘चा-ची-चे’ नसून ‘ना-नी-नं’ आहे; ‘रामना’, ‘रामनी’ हे गुजरातीच्या ‘रामनो’, ‘रामनी’शी जुळते. भूतकाळी ‘गया’, ‘उना’ अशी रूपे येतात. मराठीचा ‘ल’ त्यांत नाही. उलट चतुर्थीचा ‘ले’ मराठीच्या ‘ला’ची आठवण देतो, शब्दसंपत्तीही बरीचशी मराठी आहे आणि ‘तो बाजारले जाई ऱ्हायना’ हे वाक्य पुण्याच्या माणसालाही उलगडते. ज्याला क्रियापद आणि प्रत्यय अधिक महत्त्वाचे वाटतात तो गुजरातीकडे झुकेल. ज्याला शब्दसंग्रह, शिक्षण, व्यवहार आणि बोलणाऱ्यांची स्वतःची जाणीव महत्त्वाची वाटते तो मराठीकडे झुकेल. सर्वेक्षणाने पहिली कसोटी वापरली, कारण तत्कालीन युरोपीय तुलनात्मक भाषाशास्त्राची तीच कसोटी होती. बोलणारे स्वतःला काय म्हणवितात हा प्रश्न त्या शास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत नव्हता.

भिल्ली बोलींच्या बाबतीत गुंता अधिक आहे. सर्वेक्षणाने त्यांना आर्य भाषा ठरविले आणि गुजराती व राजस्थानी यांच्यामधील दुवा मानले. भिल्लांची मूळची भाषा निराळी असावी आणि ती लुप्त झाली असावी, असा तर्कही मांडला. नवापूरच्या मावचीपासून अक्राणीच्या पावरीपर्यंत सर्व बोली ‘भिल्ली’ या एका छत्राखाली आल्या. वस्तुतः पावरीचा ओढा नर्मदेपलीकडील निमाड-माळव्याकडे आहे, तर मावची आणि कोकणा यांचे संबंध दक्षिणेकडे डांग-बागलाणशी आहेत. या दोन टोकांतील माणसे आठवडी बाजारात एकमेकांशी आपल्या बोलीत बोलू लागली तर अडखळतात आणि मग अहिराणीचा किंवा मराठीचा आधार घेतात. छत्र व्याकरणापेक्षा जमातीच्या नावावर अधिक उभे होते, असे म्हणावे लागते. सर्वेक्षणाने प्रत्येक बोलीचे वेगळेपण आतील पानांत प्रामाणिकपणे नोंदविले आहे. परंतु पुढील वापरकर्त्यांनी आतील पानांपेक्षा अनुक्रमणिकाच अधिक वाचली.

सहकार्याचा भंग

१९१२ मध्ये अथेन्सला परिषद झाली आणि त्यानंतर १९२८ पर्यंत एकही भरली नाही. मधल्या काळात महायुद्धाने फ्रेंच, इंग्रज आणि जर्मन पंडितांचे संबंध तोडून टाकले. कोनो १९१४ मध्ये हँबुर्ग येथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले होते; नॉर्वे तटस्थ असला तरी त्यांचे जुने वरिष्ठ आणि नवे यजमान एकमेकांचे शत्रू ठरले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. ज्या विद्वत्सभेत सर्वेक्षणाचा ठराव झाला तिचे यजमान ऑस्ट्रिया-हंगेरी हे साम्राज्यच नकाशावरून नाहीसे झाले.

काम मात्र थांबले नाही. त्याचे एक कारण म्हणजे पैसा युरोपातील कोणत्याही सरकारच्या इच्छेवर अवलंबून नव्हता. प्रास्ताविकाचा पहिला खंड सर्वांत शेवटी, १९२७-२८ मध्ये आला आणि सर्वेक्षण पूर्ण झाले. त्यात १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदविल्या गेल्या. मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर संस्थाने प्रत्यक्ष पाहणीतून वगळली होती, त्यामुळे ‘भारतीय’ हे विशेषण पूर्णतः खरे नाही. खानदेश मात्र त्यात संपूर्ण आला.

ग्रंथालयातून सीमारेषेपर्यंत

एखादा विद्वत्तापूर्ण ग्रंथ ग्रंथालयात राहतो तोवर त्याचे वर्गीकरण हा विद्वानांच्या वादाचा विषय असतो. भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न उभा राहिल्यावर ते वर्गीकरण राजकीय पुराव्याच्या योग्यतेचे झाले. डांगची भाषा गुजराती की मराठी, हा वाद १९४९ पासून तीव्र झाला. बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी डांगचा कल गुजरातीकडे असल्याचे मत दिले आणि महाराष्ट्रातून त्याला कडवा विरोध झाला. वादाच्या मुळाशी प्रश्न एकच होता : भिल्ली-डांगी बोली कोणाच्या? सर्वेक्षणाने त्या गुजरातीच्या गटात ठेवलेल्या असल्याने एका बाजूला आयते उत्तर मिळत होते. दुसऱ्या बाजूला नातेसंबंध, बाजारपेठ, शेतीचे आणि सणांचे व्यवहार दाखवावे लागत होते, आणि ते मोजण्याचे कोणतेही सरकारी कोष्टक अस्तित्वात नव्हते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली. डांग गुजरातकडे गेला. त्याचबरोबर पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या भागांतील १५६ गावेही गुजरातला जोडली गेली. उरलेल्या पश्चिम खानदेशाचे त्याच वर्षी धुळे जिल्हा असे नामांतर झाले आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. तापीकाठच्या कुकरमुंडा-निझर परिसरातील मुले गुजरातीतून शिकू लागली, पलीकडच्या तळोद्यातील मुले मराठीतून. दोन्हीकडे घरात बोलली जाणारी बोली तीच राहिली. या गावांचे हस्तांतर सर्वेक्षणामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; धरणाची योजना, प्रशासनाची सोय आणि राजकीय तडजोड ही कारणे अधिक प्रबळ होती. तथापि बोलणाऱ्यांना न विचारता बोलीचे माप काढण्याची जी रीत सर्वेक्षणाने रूढ केली, तिच्याच वातावरणात हा निर्णय स्वाभाविक वाटला.

जनगणनेत त्या रीतीचे आयुष्य अधिक दीर्घ ठरले. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या मातृभाषा स्वतंत्रपणे दाखविणे बंद झाले. २०११ च्या जनगणनेत ‘भिली/भिलोडी’ या शीर्षकाखाली १,०४,१३,६३७ भाषक नोंदले आहेत. मावची, पावरी, बारेल, कोकणा, गामती-गावित, वसावा या सर्व मातृभाषा त्या एका शीर्षकाच्या पोटात आहेत. ‘खानदेशी’चे १८,६०,२३६ भाषक स्वतंत्र आहेत आणि त्यांच्यात अहिराणी, डांगी, गुजरी मोडतात. १९०७ ची चौकट जवळजवळ तशीच आहे. एक कोटीहून अधिक भाषक असलेली भिल्ली आठव्या अनुसूचीत नाही, आणि खानदेशीही नाही. ज्या जिल्ह्यात २०११ मध्ये दर दहा माणसांपैकी जवळजवळ सात अनुसूचित जमातींचे होते, तेथे शाळेतील भाषेचा प्रश्न या चौकटीशी थेट निगडित आहे : पहिलीच्या वर्गासाठी ‘भिल्ली’ पुस्तक तयार करावयाचे ठरले तर ते धडगावच्या पावरीत लिहावे की नवापूरच्या मावचीत?

सार्वजनिक पैसा आणि परतफेड

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपने सहकार्याची घडी नव्याने बसविली. १९५४ मध्ये जिनिव्हाजवळ अणुसंशोधनाची संयुक्त संस्था सुरू झाली, १९८४ पासून संशोधनाचे बहुवार्षिक चौकट-कार्यक्रम आले, २००७ मध्ये युरोपीय संशोधन परिषद स्थापन झाली. २०१२ मध्ये भाषिक सामग्रीसाठी ‘क्लॅरिन’ ही बहुराष्ट्रीय पायाभूत संस्था अधिकृत झाली. तिचे मुख्यालय नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे आहे. व्हिएन्नाच्या व्यवस्थेशी तुलना करता फरक खर्चाच्या बाजूला आहे. आता प्रत्येक सदस्य देश वर्गणी भरतो आणि आपल्या करदात्याला हिशेब देतो. त्यातूनच सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता आले पाहिजे ही मागणी पुढे आली आणि २०१८ मध्ये अनेक युरोपीय निधिसंस्थांनी ती संयुक्तपणे स्वीकारली. खानदेशच्या करदात्याला मात्र असा हिशेब मागण्याची सोय १९०७ मध्ये नव्हती. ग्रंथ इंग्रजीत, कलकत्त्यात छापलेला, मोठ्या आकाराचा. तळोद्याच्या किंवा नवापूरच्या शाळामास्तराच्या हाती तो कधी पडला असेल, याची शक्यता फारच थोडी.

परतफेडीचे प्रयत्न महाराष्ट्रातच झाले, आणि तेही उशिरा. डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने मराठी बोलींची पाहणी १९६० च्या दशकात सुरू केली. तिचा भर कोकण किनाऱ्यावर आणि ठाण्याच्या वारलीसारख्या बोलींवर राहिला. सातपुडा दूरच होता. अलीकडे राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी शासकीय निधीतून बोलींचे ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण हाती घेतले. त्यात माणसाचे बोलणे कारकुनाच्या लेखणीऐवजी यंत्राने टिपले जाते. ज्या पुण्यातील महाविद्यालयात कीलहॉर्न संस्कृत शिकवीत आणि जेथे हस्तलिखितांचा संग्रह एके काळी राहिला, त्याच संस्थेकडे हे काम यावे, हा योगायोग मानावा की परंपरेचे सातत्य, हे वाचकाने ठरवावे.

दुसरा प्रयत्न वेगळ्या वाटेने झाला. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये बडोद्याहून भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण सुरू झाले. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड २०१३ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. या खंडात नंदुरबार परिसरातील बोली आल्या, आणि त्या पत्रकाला मिळालेले उत्तर म्हणून आल्या नाहीत. त्या बोलीत वाढलेल्या किंवा तिच्यात वावरणाऱ्या लेखकांनी आपल्या नावानिशी त्यांची गीते, कथा, नात्याचे शब्द आणि रंगांची, काळाची नावे लिहिली. भाषाशास्त्रीय काटेकोरपणात तो १९०७ च्या ग्रंथाची बरोबरी सर्वत्र करीत नाही, अशी टीका झाली आहे आणि ती काही अंशी रास्त आहे. मात्र उधळ्या पुत्राची कथा त्यात कोणाला भाषांतरित करावी लागली नाही.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली. ती होईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात मोलगीचा माणूस ‘देहवाली’ सांगेल आणि नवापूरचा ‘मावची’. प्रगणक तेच लिहून घेईल. पुढे दिल्लीच्या कचेरीत त्या नोंदी कोणत्या शीर्षकाखाली मिळवावयाच्या हे ठरविताना ज्या यादीचा आधार घेतला जाईल, तिची पहिली प्रत कँबर्लीच्या घरात तयार झाली होती.